भातखंड्यांची छत्तीस इंची तार

आमच्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक शिसवी गज उभा असतो. त्याच्या एका अंगास इंचांच्या खुणा आहेत, दुसऱ्या अंगास गिरहांच्या. इंच छत्तीस, गिरह सोळा. कापडवाल्याच्या दुकानातली ही वस्तू आमच्याकडे कशी आली हे वडिलांनी कधी सांगितले नाही. ते निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत दरबारी सतारिये म्हणून नोकरीस लागले, तेव्हापासून तारा कापण्यासाठी तो त्यांच्या हाताशी असे. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबार मी पाहिला नाही. गज तेवढा पाहिला. पुढे संगीताच्या परीक्षांना बसलो आणि पाठ्यपुस्तकात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या छत्तीस इंची तारेचा धडा आला, तेव्हा ही तार आपल्या घरच्या गजावरूनच मोजली असावी असे मला कित्येक दिवस वाटत होते.

भातखंड्यांचे नाव आपल्या जुन्या मराठी कुटुंबांत ठाऊक नाही असे घर विरळा. क्रमिक पुस्तकमालिकेचा एखादा फाटका भाग पेटीच्या खोक्यात सापडतोच. परंतु हे गृहस्थ पेशाने वकील होते आणि गाण्याचा अभ्यास त्यांनी खटल्याची कागदपत्रे जमवावीत तसा केला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरी १० ऑगस्ट १८६० रोजी गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. लहानपणी बासरी, मग सतार. सतारीचे शिक्षण त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे घेतले. १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एल्‌एल. बी. होऊन त्यांनी वकिली सुरू केली. काही काळ ते कराचीसही होते. दरम्यान १८८४ साली ते पारशी मंडळींनी स्थापिलेल्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले होते. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे आणि अली हुसेन खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांना मिळाले. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी मंडळी, असा क्रम कित्येक वर्षे चालला.

१९०० साली पत्नी गेली, १९०३ साली एकुलती मुलगी गेली. या दोन घावांविषयी चरित्रकार फारसे लिहीत नाहीत आणि मीही लिहिणार नाही. इतकेच खरे की त्यानंतर या माणसाने घर असे मांडले नाही. १९०४ साली ते दक्षिणेत निघाले. एट्टयपुरम्‌ला सुब्बराम दीक्षितरांना भेटून व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची पद्धत त्यांनी समजून घेतली. दक्षिणेकडच्या विद्वानांजवळ निदान गणिती चौकट तरी आहे आणि आपल्याकडे घराण्याघराण्यांचा केवळ गोंधळ आहे, ही रुखरुख त्यांना तेथून लागली असावी.

पुढचा प्रवास १९०७ च्या सुमाराचा. नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम्‌ आणि आपले हैदराबाद. मुसीच्या १९०८ च्या महापुराच्या आधीचे ते शहर. सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते आणि याच १९०७ साली आपल्या मंडळींनी विवेकवर्धिनी सुरू केली. येथे भातखंड्यांची गाठ पडली ती काशीनाथशास्त्री अप्पा तुळशी यांच्याशी. हे नाव आज हैदराबादच्या मराठी घरांतही कोणास आठवत नाही, याची मला थोडी लाज वाटते. संगीतसुधाकर, रागचंद्रिका, अभिनवतालमंजरी हे त्यांचे संस्कृत ग्रंथ. जुन्या ग्रंथांतले राग आज गायले जात नाहीत, म्हणून आज गायल्या जाणाऱ्या रागांना नव्याने संस्कृत लक्षणे लिहिली पाहिजेत, हा विचार या दोघांना बांधणारा होता. तुळशींचे ग्रंथ पुढे भातखंड्यांनीच छापून काढले. बाहेरून आलेल्या पाहुण्याने घरच्या माणसाचे कागद जपावेत, असाच हा प्रकार झाला.

दुहेरी मापांची सवय हैदराबादच्या माणसाला मुद्दाम लावावी लागत नव्हती. एका हातात हाली, दुसऱ्या हातात कलदार. सात हालीचे सहा कलदार हा हिशेब आमच्या आजीच्या पिढीस तोंडपाठ असे आणि हाली नाणे १९५९ पर्यंत चलनात होते. नाणे कोणतेही असो, गहू तितकाच येई. अप्पा तुळशींच्या शहरातून भातखंडे जे काम घेऊन पुढे गेले, त्याचा एक भाग थोडाफार असाच होता.

त्यांना सापडलेल्या जुन्या ग्रंथांत अहोबलाचे संगीतपारिजात आणि श्रीनिवासाचे रागतत्त्वविबोध हे दोन फार मोलाचे, कारण त्यांत स्वरांची जागा तारेच्या लांबीवरून सांगितली आहे. त्याआधीचे ग्रंथकार श्रुतींची संख्या सांगून थांबतात. चार श्रुतींचा षड्‌ज, तीन श्रुतींचा ऋषभ. पण एक श्रुती म्हणजे किती हे कोण सांगणार? श्रीनिवास ते तारेवर दाखवतो. मेरू आणि घोडी यांच्या मध्यावर तार षड्‌ज. षड्‌ज आणि तार षड्‌ज यांच्या मध्यावर मध्यम. तारेचे तीन भाग करून पहिल्या भागाच्या शेवटी पंचम. षड्‌ज-पंचमाच्या मध्यावर गांधार, आणि त्याच अंतराचे तीन भाग करून पहिल्यावर ऋषभ. या साऱ्यात इंच नाही, अंगुळ नाही, वीत नाही. तार सतारीची असो की हातभर बिनाची, सांगणे तेच.

भातखंड्यांनी ही तार छत्तीस इंचांची कल्पिली. मग सगळे स्वर आकड्यांत बसले. घोडीपासून मोजले तर षड्‌ज ३६, ऋषभ ३२, गांधार ३०, मध्यम २७, पंचम २४, निषाद २०, तार षड्‌ज १८. छत्तीसच का, याचा माझा तर्क असा की मुंबईच्या वकिलाच्या टेबलावर फूटपट्टी आणि बाजारात वार असे, आणि वाराचे छत्तीस इंच दोनाने, तिनाने, चाराने, सहाने, नवाने भागले जातात. श्रीनिवासाला अर्धे आणि तिसरे हिस्से हवे होते. छत्तीस हा आकडा ते बिनतक्रार देतो. माझ्या वडिलांच्या गजाच्या दुसऱ्या अंगावर हेच करून पाहिले, तर मध्यम बारा गिरहांवर आणि तार षड्‌ज आठांवर नीट येतो, पंचमाला मात्र गिरह तुटतो. दहा आणि दोन तृतीयांश. सोळाला तिनाने भाग जात नाही, दुसरे काही नाही.

आकडे मांडल्यावर या वकिलाच्या हाती पुरावा आला. श्रीनिवासाचा शुद्ध गांधार ३० वर आणि शुद्ध निषाद २० वर, म्हणजे ते आपले कोमल गांधार-निषाद. त्या काळचे शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखे होते. आज आपण ज्यास शुद्ध म्हणतो ते बिलावलाचे सप्तक नंतर रूढ झाले. आज ही गोष्ट संगीताच्या पहिल्या-दुसऱ्या परीक्षेतला विद्यार्थीही सांगतो. तेव्हा ती सांगायला एक माणूस पोथ्या शोधत गावोगाव फिरावा लागला आणि त्याने तारेवर पट्टी धरावी लागली.

मात्र पट्टीवर त्यांनी सर्वस्वी भिस्त ठेवली नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. धैवताची गोष्ट पाहावी. श्रीनिवास धैवताची जागा पंचम आणि तार षड्‌ज यांच्यामध्ये सांगतो. २४ आणि १८ यांचा काटेकोर मध्य २१. भातखंड्यांनी २१ धरला नाही. २१ आणि एक तृतीयांश धरला. कारण ऋषभ ३२ वर आहे आणि त्याचा पंचमभाव साधायचा तर ३२ चे दोन तृतीयांशच घ्यावे लागतात. फरक इंचाच्या तिसऱ्या हिश्शाचा, मिलिमीटरांत साडेआठ. षड्‌जाची २४० आंदोलने धरली तर एका धैवताची ४०५ येतात, दुसऱ्याची ४११ हून थोडी अधिक. ज्याने तंबोरा मिळवला आहे त्याला हा फरक खटकेल. ग्रंथातल्या मध्ये या शब्दाचा अर्थ त्यांनी कानाला विचारून लावला. विकृत स्वरांतही तसेच. श्रीनिवासाच्या हिशेबाने कोमल ऋषभ ३३ आणि एक तृतीयांशावर येतो. भातखंड्यांनी अभिनवरागमंजरीत, म्हणजे १९२१ च्या ग्रंथात, तो ३४ वर ठेवला. जुन्या ग्रंथकाराबद्दल इतका आदर असूनही त्याची जागा हलवायला ते कचरले नाहीत.

बावीस श्रुतींच्या बाबतीत त्यांचे पुष्कळांशी पटले नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली श्रुतींवर पुस्तक लिहून प्रत्येक श्रुतीची आंदोलने ठरवली. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचे काम पुढे नेले आणि श्रुतींची पेटी तयार झाली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा हा वाद तेथेही गेला. भातखंड्यांचे म्हणणे असे की बारा स्वर पक्के करावेत, बाकीचे गायकाच्या गळ्यावर सोडावे. देवलांच्या मेहनतीला त्यांनी पुरेसा न्याय दिला असे मला वाटत नाही. आणि उस्तादांविषयी त्यांच्या लेखनात जो एक तिरकस सूर येतो तोही मला आवडत नाही. ज्यांच्याकडून शेकडो चीजा घेतल्या त्यांच्या अडाणीपणाची चर्चा किती करावी? माझ्या वडिलांना तर दहा थाटांची वाटणीच पटत नसे. काही राग कोणत्याच थाटात सुखाने बसत नाहीत असे ते म्हणत, आणि सतार हातात घेऊन दोन मिनिटांत ते दाखवीत.

बडोद्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. रामपूरचे वजीर खाँ, जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र यांच्याकडून चीजा मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत छापल्या. हा भाग सर्वश्रुत आहे. शिष्यांत श्रीकृष्ण रातंजनकरांनी त्यांचे काम पुढे चालविले.

आता छत्तीस इंचांचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी आहे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण, वार, फूट जाऊन किलो आणि मीटर आले. बाजाराने काही वर्षांत ते पचवले. वाद्यांच्या दुकानात मात्र इंच गेला नाही. तबला साडेपाच इंची तोंडाचा, बासरी इतक्या इंची, मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर इंचांत; तारेला तर नंबर. गायकाला विचारावे तर तो आंदोलने सांगत नाही, काळी एक किंवा पांढरी चार सांगतो. प्रत्येक धंद्याचे माप त्या धंद्याच्या हातात मुरलेले असते, ते सरकारी राजपत्राने एका रात्रीत निघत नाही.

पाठ्यपुस्तकांतही छत्तीस इंच तसेच राहिले. एवढेच नव्हे, तर पुढच्या पुस्तकांनी ते श्रीनिवासाच्याच पदरात घातले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत असे सर्रास आढळते की श्रीनिवासाने छत्तीस इंचांची तार घेऊन स्वर स्थापन केले. इंग्रजी इंचांशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा संस्कृत पंडिताच्या हाती आपण फूटपट्टी दिली आहे. परीक्षेत ते लिहिले की गुणही मिळतात.

दोन वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या शिक्षकांची बैठक झाली. मुलांना इंच कळत नाहीत, तेव्हा सगळे आकडे सेंटिमीटरमध्ये करावेत, असा विषय निघाला. एका तरुण शिक्षकाने यादीच करून आणली होती. षड्‌ज ९१.४४, ऋषभ ८१.२८, गांधार ७६.२०, मध्यम ६८.५८, पंचम ६०.९६. हिशेब अगदी बरोबर होता. एका इंचाचे २.५४ सेंटिमीटर. पण ती यादी पाहून पंचम म्हणजे दोन तृतीयांश हे कोणाच्या ध्यानात यावे? एक वयोवृद्ध गुरुजी म्हणाले की पंडितजींनी ३६ लिहिले आहे, तो आकडा हलवू नये. दुसऱ्या एकाने सुचवले की मीटरच घ्यावा, शंभर सेंटिमीटर. शंभरात मध्यम ७५ आणि तार षड्‌ज ५० वर ठीक बसतो, पण पंचम ६६.६७ आणि ऋषभ ८८.८९. तिसऱ्या हिश्शाशी शंभराचे वाकडे आहे, सोळा गिरहांचे होते तसेच.

मी नव्वद सेंटिमीटर सुचवले. छत्तीसला अडीचने गुणले की नव्वद. ऋषभ ८०, गांधार ७५, मध्यम ६७.५, पंचम ६०, निषाद ५०, तार षड्‌ज ४५. कोमल ऋषभसुद्धा ८५ वर येतो. धैवताचा अपूर्णांक येथेही सुटत नाही, तो ५३ आणि एक तृतीयांश. पण तो भातखंड्यांनाही सुटला नव्हता. वयोवृद्ध गुरुजींचा आक्षेप असा की मग ही तार पंडितजींची राहिली नाही. मी म्हटले, छत्तीस इंचांची तरी श्रीनिवासाची कोठे होती? ते माझ्यावर थोडे रागावले. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि अजून तेथेच आहे.

मला हे सुचले ते माझ्या हुशारीने नव्हे. माझ्या वर्गात एक लांब फळी आहे, तिच्यावर एकच तार ताणलेली, खाली सरकती घोडी. मुलांनी स्वतः मोजून स्वर काढावेत म्हणून केलेली. एकदा दहा-बारा वर्षांच्या एका मुलीने पट्टीची चुकीची बाजू धरली आणि छत्तीस सेंटिमीटरवर षड्‌ज कायम केला. तार आखूड, म्हणून षड्‌ज पुष्कळ चढा लागला. मुले हसू लागली. तिने तिकडे लक्ष न देता चोवीस सेंटिमीटरवर घोडी सरकवली आणि तार छेडली. पंचम स्वच्छ लागला. मग सत्तावीसवर मध्यम, अठरावर तार षड्‌ज. सगळे स्वर आपापल्या जागी. हसणारा एक मुलगा पुढे आला. त्याने षड्‌ज छत्तीस इंचांवर बरोबर ठेवला आणि पंचम मोजताना मात्र पट्टी उलटून चोवीस सेंटिमीटर घेतले. जो आवाज निघाला तो तार सप्तकातल्या निषादाच्याही किंचित वरचा होता. त्या दिवशी वर्गात आणखी काही शिकवावे लागले नाही.

अर्थात पडद्यावर बोट दाबले की तार थोडी ताणली जाते आणि स्वर केसभर चढतो. म्हणून सतारीचा पडदा शेवटी कानानेच सरकवावा लागतो. वडील गजावर तार मोजत, पडदा कधीही मोजत नसत.

१९३३ साली भातखंड्यांना पक्षाघात झाला. मांडीचे हाडही मोडले आणि पुढची तीन वर्षे ते बहुतेक अंथरुणाला खिळून होते. हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा चौथा भाग मात्र त्याआधी, १९३२ साली, बाहेर पडला होता. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. लखनौचे त्यांचे कॉलेज आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

अप्पा तुळशींचे ग्रंथ ज्या कोणाच्या घरी असतील त्यांनी ते एकदा पाहू द्यावेत, अशी या निमित्ताने वाचकांस विनंती आहे. मी येऊन वाचून जाईन, घरी नेणार नाही.